नवतपा तापला नाही, म्हणून पाऊस कमी?

‘नवतपा तापला नाही, तर पावसाळा कोरडा जाणार’, हा संदेश नागपुरात मेअखेरीस हमखास फिरतो.

२५ मेपासूनचे हे नऊ दिवस कडक उन्हाचे असतात, हे खरंच. २६ मेच्या सुमारास तर भरदुपारी सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो. पण एक वादळ, दोन सरी आल्या की पारा उतरतो. तेवढ्यावरून मे थंड ठरत नाही. त्यासाठी महिन्याची सरासरी १९९१ ते २०२० या तीस वर्षांतल्या मेच्या सरासरीशी ताडून पाहतात.

जमीन तापली की हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरचे वारे आत ओढले जातात. म्हणजे समजूत अगदीच निराधार नाही. मात्र तो कमी दाबाचा पट्टा राजस्थान-पाकिस्तानकडचा, तोही हळूहळू तयार होणारा. नागपूरच्या सीताबर्डीतल्या नऊ दुपारांचा नव्हे. शिवाय पावसावर परिणाम करणारं प्रशांत महासागराचं तापमान आहेच, आणि बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रं, ज्यांवर विदर्भाचा बराचसा पाऊस अवलंबून असतो.

पडताळायचंय? वीस-तीस वर्षांचं नवतप्यातलं कमाल तापमान आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस शेजारी मांडा. २०१५ पासून सुरुवात करा: मेअखेरीस देशात उष्णतेची भीषण लाट होती, आणि पावसाळ्यात देशभरात सुमारे १४ टक्के तूट पडली.