चितोडगड

राजस्थान राज्यातील इतिहासप्रसिद्ध गिरिदुर्ग व मेवाडची जुनी राजधानी. बेडच व गंभीरी या नद्यांच्या संगमाजवळ, सपाट मैदानातून सुमारे १८० मी. उंच उठलेल्या एकाकी डोंगरावर हा किल्ला आहे. माथा दक्षिणोत्तर सुमारे ५ किमी. लांब असून तटबंदीचा घेर सुमारे १३ किमी. भरतो. सह्याद्रीतील आटोपशीर माथ्यांच्या गडांची सवय असलेल्या वाचकाने हा विस्तार ध्यानात घ्यावा. येथे शिबंदीच्या जोडीला डोंगरावर अख्खे नगर नांदत होते. एके काळी गडावर ८४ जलाशय होते असे सांगतात, त्यांपैकी सु. २२ आज उरले आहेत. दीर्घ वेढे सोसण्याची या गडाची ताकद मुख्यतः या पाण्यात होती.

नाव व प्राचीनता : शिलालेखांत किल्ल्याचे नाव ‘चित्रकूट’ असे येते. चित्रांगद मोरी या राजाने तो वसवला म्हणून हे नाव, ही परंपरा बरीच नंतरची दिसते. भीमाने तो एका रात्रीत बांधल्याची कथा लोककथेतच जमा होते. मोरी घराण्यासाठी मुख्य आधार म्हणजे मान मोरीचा मानसरोवराकाठचा लेख (विक्रम संवत, म्हणजे वि. सं. ७७०; इ. स. ७१३). राजस्थानचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी कर्नल टॉड याने त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले, परंतु मूळ शिळा नष्ट झाल्याने त्याचे वाचन पुन्हा तपासता येत नाही. गुहिल वंशातील बाप्पा रावळाने मोरींकडून किल्ला घेतल्याचे वर्ष परंपरेने ७३४ धरतात, टॉड ७२८ देतो. समकालीन लेखाचा दुजोरा यांपैकी कोणत्याही वर्षाला नाही. ‘आठव्या शतकाचा दुसरा चरण’ एवढेच म्हणणे सुरक्षित.

गुहिलांकडे किल्ला केव्हापासून होता, या प्रश्नात राष्ट्रकूट लेखांची साक्ष महत्त्वाची ठरते. अमोघवर्षाच्या नीलगुंद लेखात (८६६) तिसऱ्या गोविंदाने ‘चित्रकूटगिरिदुर्गा’वरील गुर्जरांना जिंकल्याचे म्हटले आहे. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडलेल्या ताम्रपटानुसार (९४०) तिसऱ्या कृष्णाच्या दक्षिणेतील विजयांची वार्ता ऐकूनच गुर्जराच्या मनातील कालंजर व चित्रकूट यांची आशा मावळली. दोन्ही ठिकाणचे चित्रकूट म्हणजे चितोड, असे काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते ते बुंदेलखंडातील चित्रकूट होय. देवळी ताम्रपटात कालंजराची जोड असल्याने दुसरे मत सहज बाजूला सारता येत नाही. नीलगुंद लेखात मात्र गुर्जर व माळवा यांच्या सान्निध्यात गिरिदुर्गाचा स्पष्ट उल्लेख आहे; तो चितोडला अधिक जुळतो. तसे असल्यास नवव्या शतकारंभी किल्ल्यावर प्रतिहारांचा (म्हणजेच लेखांतील गुर्जरांचा) अंमल होता, आणि बाप्पापासून गुहिलांचे सलग राज्य मानणे कठीण होते. पुढे परमार भोज व चालुक्य कुमारपाल यांचेही संबंध समिद्धेश्वर मंदिरामुळे दिसतात; कुमारपालाचा वि. सं. १२०७ चा लेख तेथे आहे. गुहिलांची मुख्य राजधानी नागद्याहून येथे आली ती तेराव्या शतकात.

वेढे : अलाउद्दीन खल्जीने १३०३ मध्ये सु. सात महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला व त्याचे नाव खिज्राबाद ठेवले. कवी अमीर खुसरो या मोहिमेत हजर होता. त्याच्या वृत्तांतातील सुलेमान व (त्याला शेबाच्या राणीची वार्ता आणणाऱ्या) हुदहुद पक्ष्याच्या दृष्टांतात काही विद्वान चितोडच्या राणी पद्मिनीची सूचना पाहतात. पण पद्मिनीची कथा उघडपणे येते ती जायसीच्या ‘पद्मावत’ काव्यात (१५४०), म्हणून हा अर्थ ओढून काढलेला वाटतो. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३५ मध्ये व अकबराने फेब्रुवारी १५६८ मध्ये किल्ला जिंकला. दोन्ही वेळी जोहार झाला. अकबराच्या वेढ्यात सुरुंग व ‘साबात’ (आच्छादित मार्ग) यांचा वापर झाला. किल्ला लढवणारे राजपूत सरदार जयमल व पत्ता येथेच पडले, आणि त्यानंतर झालेल्या कत्तलीत सामान्य रहिवासी हजारोंनी मारले गेले. गडावर फिरताना या माणसांचे स्मरण राजघराण्याइतकेच व्हायला हवे. मोगलांशी झालेल्या १६१५ च्या तहाने किल्ला मेवाडला परत मिळाला, पण दुरुस्ती न करण्याच्या अटीवर. ती मोडल्याने शाहजहानने १६५४ मध्ये नवे बांधकाम पाडले. १७९१ मध्ये महादजी शिंदे यांनी सलूंबरचा सरदार भीमसिंह चुंडावत याच्याकडून किल्ला सोडवून महाराणा भीमसिंहाच्या हवाली केला.

वास्तू : राणा कुंभाचा नऊमजली विजयस्तंभ (सु. ३७ मी.) १४४८ मध्ये पूर्ण झाल्याचे मानतात. माळव्याच्या महमूद खल्जीवरील विजयाचे ते स्मारक, हा समज सार्वत्रिक असला तरी त्यावरील प्रशस्ती त्याला ‘कीर्तिस्तंभ’ म्हणते व तो विष्णूला अर्पण केलेला आहे. सूत्रधार (स्थपती) जैता व त्याचे पुत्र यांची नावे कोरलेली आहेत. मजल्यामजल्यावरील मूर्तींखाली नावे असल्याने मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला हा स्तंभ म्हणजे उघडा ग्रंथच होय. आदिनाथाचा जैन कीर्तिस्तंभ (सु. २२ मी.) बघेरवाल व्यापारी जिजा याने उभारला. त्याचा काळ बारावे शतक की तेराव्याची अखेर, यावर मतभेद आहेत. दुसरा पर्याय ग्राह्य वाटतो. बघेरवाल समाज पुढे विदर्भात, विशेषतः कारंजा येथे, स्थिरावला. कालिकामाता मंदिर मूळचे सूर्यमंदिर असावे. कुंभ महाल भग्न आहे. ‘पद्मिनी महाल’ म्हणून दाखवतात ती इमारत सध्याच्या रूपात एकोणिसाव्या शतकातील आहे.

पाहणी : पश्चिमेकडील चढ नागमोडी असून पाडन, भैरव, हनुमान, गणेश, जोडला, लक्ष्मण व राम या सात पोळींतून (दरवाजांतून) जातो. बहुतेक प्रवासी रिक्षाने थेट माथ्यावर जातात, त्यामुळे जयमल व त्याचा साथी कल्ला यांच्या वाटेवरील छत्र्या (स्मारके) नजरेआड होतात. गोमुख कुंडापाशी पाणी आजही झिरपते. पूर्वेकडील सूरज पोळ सकाळच्या उन्हात पाहावी. युनेस्कोने २०१३ मध्ये कुंभलगड, रणथंभोर, गागरोन, आमेर व जैसलमेर यांच्यासह या किल्ल्याची जागतिक वारसा यादीत नोंद केली. किल्ल्यात अद्याप लोकवस्ती आहे.