वीस रायफलींची पेटी: सोव्हिएत बंदुका संग्राहकांपर्यंत कशा पोचल्या

जुन्या सोव्हिएत मोसिन रायफली जमवणाऱ्या कुणालाही विचारा, तुझ्याकडची रायफल कुठल्या लढाईत होती. माणूस प्रामाणिक असेल तर सांगेल, माहीत नाही. पण ती कुठल्या कारखान्यात बनली, कोणत्या साली, नंतर दुरुस्त झाली का, फिनलंडच्या हाती लागली होती का, हे तो शिक्के वाचून सांगेल. तुळा कारखान्याचा तारा, इझेव्हस्क कारखान्याचा त्रिकोणातला बाण, फिनिश सैन्याचा चौकटीतला 'एसए', दुरुस्तीच्या गोदामाचा तिरकी रेघ असलेला चौकोन. मला या छंदात सगळ्यात ओढ वाटते ती या वाचनाची, आणि त्यासाठी मागचा इतिहास माहीत असायलाच हवा.

सुरुवात झारच्या काळात होते. १८९१ मध्ये रशियन सैन्याने जी रायफल स्वीकारली ती कॅप्टन सर्गेई मोसिन यांचं डिझाईन आणि बेल्जियमच्या लिऑन नागां यांच्या काही कल्पना यांचं मिश्रण होती. नागांना २ लाख रूबल मिळाले, मोसिनना ३० हजार, आणि रायफलीच्या अधिकृत नावात दोघांपैकी कुणीच नाही, नुसतं 'तीन लाईनची रायफल, मॉडेल १८९१'. लाईन म्हणजे इंचाचा दहावा भाग, तीन लाईन म्हणजे ७.६२ मिलिमीटर. मोसिनवर हा अन्यायच झाला असं माझं मत आहे.

पहिल्या महायुद्धात रशियाचे स्वतःचे कारखाने पुरे पडेनात म्हणून झारच्या सरकारने अमेरिकेत रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाऊसला लाखो रायफलींची ऑर्डर दिली. १९१७ ला क्रांती झाली, ऑर्डर देणारं सरकारच राहिलं नाही आणि तयार माल अमेरिकेत पडून राहिला, मग त्यातल्या बऱ्याच रायफली अमेरिकन सैन्यानेच विकत घेतल्या, काही प्रशिक्षणाला वापरल्या, काही घेऊन अमेरिकन सैनिक उत्तर रशियात आर्खांगेल्स्कच्या मोहिमेवर गेले, आणि उरलेल्या नंतर नेमबाजांना अगदी किरकोळ भावात विकल्या गेल्या. म्हणजे रशियन सैनिकी रायफल अमेरिकेतल्या सामान्य माणसाच्या घरात पोचली ती १९२०च्या आसपास, शीतयुद्धाच्या कितीतरी आधी.

सोव्हिएत काळातलं मुख्य मॉडेल म्हणजे ९१/३०, म्हणजे १८९१ चीच रायफल १९३० मध्ये सुधारलेली. १९३५-३६ पर्यंतच्या रायफलींचा रिसीव्हर, म्हणजे नळीमागचा लोखंडी भाग, अष्टकोनी, पुढे वेळ वाचवायला गोल केला, आणि आज अष्टकोनीला जास्त पैसे पडतात. १९४२-४३ ची रायफल हातात घेतली तर यंत्राचे ओरखडे तसेच दिसतात कारण पॉलिश करायला वेळच नव्हता, जर्मन सैन्य स्टालिनग्राडपर्यंत आलेलं. मला तेच ओरखडे सगळ्यात बोलके वाटतात. पुढे आखूड एम३८, मग बाजूला दुमडणारी संगीन असलेली एम४४, शिवाय हंगेरी, रुमानिया, पोलंड आणि चीननेही बनवल्या. सगळं धरून तीन कोटींच्या वर.

युद्ध संपलं आणि या रायफली जुन्या झाल्या. सैन्यात एसकेएस ही अर्धस्वयंचलित रायफल आणि एके-४७ आल्या. पण सोव्हिएत व्यवस्थेने काहीच फेकलं नाही, पुढचं युद्ध येणारच हे गृहीत धरून सगळ्या रायफली गोदामात आणून उघडल्या, साफ केल्या, दस्त्यांना लाखेचं तांबूस पॉलिश दिलं, बोल्ट आणि मॅगझिनवरचा जुना नंबर खोडून रायफलीचा नंबर ठोकला, घट्ट ग्रीसमध्ये बुडवल्या आणि वीस-वीसच्या लाकडी पेट्या भरून ठेवल्या. काडतुसं ४४० च्या सीलबंद डब्यांत. स्नायपर रायफलींच्या दुर्बिणी काढल्या, भोकं बुजवली आणि त्या साध्या रायफलींच्या ढिगात घातल्या, त्यामुळे रिसीव्हरच्या डाव्या बाजूला बुजवलेली भोकं सापडली की संग्राहकाला आजही घबाड सापडल्यासारखं होतं. (आणि नेमकं म्हणूनच साध्या रायफलीला नवी भोकं पाडून, नवी दुर्बीण लावून स्नायपर म्हणून खपवणारेही निघाले, तेव्हा घाई करू नये.) काही जण दुरुस्त केलेली रायफल 'अस्सल नाही' म्हणून नाक मुरडतात, मला ते पटत नाही, गोदामातली ती दुरुस्तीसुद्धा त्या रायफलीच्या आयुष्याचाच भाग आहे.

आता बाजार. १९५०च्या दशकात अमेरिकेत जगभरचा जुना सैनिकी माल धडाधड येत होता, सॅम्युअल कमिंग्स यांची इंटरआर्मको कंपनी त्यात सगळ्यात मोठी, आणि रायफली चक्क पोस्टाने घरी यायच्या. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली ती अशाच पोस्टाने वीस-एकवीस डॉलरला मागवलेल्या इटालियन सैनिकी रायफलीने. त्यावरून सुरू झालेली चर्चा १९६८ च्या कायद्यात संपली, पोस्टाची विक्री गेली आणि परदेशी सैनिकी मालाची आयातही बंद. पुढची सोळा वर्षं सोव्हिएत पद्धतीची बंदूक मिळवायची तर आधीच देशात आलेली, किंवा व्हिएतनामहून परतलेल्या एखाद्या सैनिकाने कागदपत्रांसह आणलेली. तेव्हाच्या संग्राहकांना रशियन एसकेएस बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट असायची.

१९८४ मध्ये अमेरिकेने जुन्या, संग्रहयोग्य सैनिकी बंदुकांची आयात पुन्हा मोकळी केली. ५० वर्षांहून जुनी मूळ रूपातली बंदूक या वर्गात बसते आणि त्यासाठी संग्राहकांचं वेगळं लायसन्स असतं. पण सोव्हिएत युनियनमधून थेट आयात तरीही होत नव्हती. ते दार १९९१ नंतर उघडलं. देश फुटला, रशिया आणि युक्रेनला डॉलर हवे होते आणि दोघांकडे पेट्यांनी भरलेली गोदामं होती. १९९६ मध्ये अमेरिका आणि रशियाने करार करून कुठल्या बंदुका येऊ शकतील याची यादीच केली, त्यात मोसिन आणि नागां रिव्हॉल्व्हर बसले, सैनिकी एसकेएस बसली नाही. यादीत जर्मन ९८के सुद्धा आहे, कारण सोव्हिएत सैन्याने युद्धात ताब्यात घेतलेल्या जर्मन रायफलींचीही तशीच दुरुस्ती करून त्या गोदामात ठेवल्या होत्या!

मग आली ती स्वस्ताई. २००० च्या दशकात मोसिन शंभर डॉलरच्या आत-बाहेर मिळायची, लोक अख्खी पेटी घ्यायचे, घासलेट आणि उकळतं पाणी वापरून दिवसभर ग्रीस काढत बसायचे. कॉलेजच्या पोरांना परवडणारी संग्रहातली पहिली रायफल हीच. तेव्हा वाटायचं हा साठा संपणारच नाही. पण गोदामं रिकामी होत गेली, २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यानंतर रशियन शस्त्रकंपन्यांवर निर्बंध आले, २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या आयातीवरही, आणि आज त्याच रायफलीला तीनशे-चारशे डॉलर सहज पडतात.

युरोपातली गोष्ट वेगळी. तिथे बरेच जण निकामी केलेल्या बंदुका जमवतात. पण जानेवारी २०१५ च्या पॅरिस हल्ल्यात स्लोव्हाकियातून आलेल्या, निकामी म्हणून विकलेल्या आणि परत चालू केलेल्या रायफली सापडल्या, त्यानंतर युरोपीय संघाने निकामी करण्याचे नियम कडक केले. रशियात तर जंगलात पुरलेली शस्त्रं उकरून विकणारे 'काळे खोदणारे' आहेत, आणि ते जिथे खोदतात तिथे अजून सैनिकांच्या अस्थी आहेत. त्याच जंगलांत स्वयंसेवक त्या अस्थी शोधून सन्मानाने पुरतात. त्या काळ्या खोदणाऱ्यांच्या मालाला कुठल्याही संग्राहकाने हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे हा छंद जवळजवळ अशक्यच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार सैनिकी बोअर, म्हणजे सैन्याच्या मापाची नळी, निषिद्ध, आणि मुंबईकराला एके म्हटलं की १९९३ आणि २००८ आठवणार, पेटीतली रायफल नाही.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा डोनेत्स्कमधून जबरदस्तीने भरती केलेल्या माणसांचे फोटो आले, हातात मोसिन. दस्त्यावर तेच लाखेचं तांबूस पॉलिश.