तेल पिळून बाहेर का पडत नाही?

बॉल बेअरिंगमध्ये गोळी जिथे टेकते तिथला दाब वातावरणाच्या 10 ते 30 हजार पट चढू शकतो. तरी मधलं तेल टिकतं. हे कोडं सुटायला पाऊण शतक लागलं.

तेल भार उचलतं हेच मुळात अचानक कळलं. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडायला वरून पाडलेल्या भोकातून तेल उलट बाहेर यायला लागलं. लाकडी बूच ठोकलं, तर तेही हळूहळू वर सरकून निघालं. दाब मोजायचा गेज लावल्यावर काटा भारामुळे पडणाऱ्या सरासरी दाबाच्या दुपटीपलीकडे गेला! 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित बसवलं.

तेच गणित 1916 मध्ये मार्टिन यांनी गिअरला लावलं आणि घोळ झाला. तेलाचा थर दातांवरच्या खडबडीपेक्षाही पातळ निघाला. म्हणजे दात घासून संपायलाच हवेत. प्रत्यक्षात कित्येक वर्षं चाललेल्या गिअरवर कटरच्या मूळ खुणा शाबूत दिसत.

गृहीत चुकलं होतं: पोलाद दबत नाही आणि तेलाचा दाटपणा बदलत नाही. गंमत म्हणजे, दाब वाढला की दाटपणा झपाट्यानं वाढतो हे कार्ल बारस यांनी 1893 मध्येच मरीन ग्लू नावाच्या डांबरासारख्या चिकट पदार्थावर दाखवलं होतं. पुढे हार्वर्डच्या ब्रिजमन यांनी 1926 मध्ये 43 द्रव तपासले. दबणारं पोलाद आणि दाटणारं तेल यांचा एकत्र हिशेब सोव्हिएत संघात एर्टेल आणि ग्रुबिन यांनी मांडला. 1959 मध्ये डाउसन आणि हिगिन्सन यांनी तो आकडेमोडीनं पक्का केला. आता थर पुरेसा जाड निघाला.

पण तेल नुसतं दाट होऊन थांबत नाही. दाबाखाली रेणूंमधली मोकळी जागा आटते, त्यांना एकमेकांवरून सरकायला वाव राहत नाही आणि ते असतील तसेच, विस्कळीत मांडणीत, अडकतात. तेल काचेसारखं होतं. दाब गेला की पुन्हा वाहू लागतं. जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी 1970 च्या दशकात हा बदल मोजला. रेणूत अणूंची अवजड वलयं असतील तर ते जास्तच घट्ट अडकतात. अशी तेलं मुद्दाम बनवतातही, ट्रॅक्शन ड्राइव्हसाठी: तिथे दात नसलेला एक रोलर दुसऱ्याला फिरवतो, आणि पकड असते ती मधल्या तेलाची.