आकडा कोणत्या कागदावर लिहायचा?

डिसेंबर 2002. कोपनहेगनमध्ये युरोपीय संघाचे पंधरा सदस्य देश आणि दारात उभे असलेले दहा देश यांच्यात पैशांवरून घासाघीस चालू होती. पोलंडचे पंतप्रधान लेशेक मिलर शेवटच्या क्षणापर्यंत हटून बसले. गंमत अशी, की त्यांना मिळालेल्या ज्या सवलतीचा सर्वाधिक गाजावाजा झाला, तिच्यात नवा पैसा नव्हताच. पोलंडच्याच नावावर ठेवलेल्या विकासनिधीतला 1 अब्ज युरो लगेच हाती पडणाऱ्या रोख खात्याकडे वळवला, एवढंच.

त्यासाठी एवढा हट्ट का? संघात पाऊल ठेवलं की वर्गणी लगेच सुरू होते, तीही दरमहा. विकासनिधीचं तसं नाही. आधी प्रस्ताव, मग मंजुरी, स्वतःचा वाटा उभा करणं, रस्ता किंवा सांडपाण्याचा प्रकल्प पुढे सरकणं, बिलं पाठवणं. बहुतेक रक्कम हाती पडते ती त्यानंतर. कागदावर कोट्यवधी युरो मंजूर असूनही गरीब देशाच्या तिजोरीतून सुरुवातीला जास्त पैसा बाहेर जाऊ शकतो. अंदाजपत्रकात ‘मंजूर’ आणि ‘अदा’ असे दोन वेगळे रकाने असतात ते उगाच नव्हे.

शेतीचा तिढा ऑक्टोबरातच थोडाफार सुटला होता. फ्रान्सचे शिराक आणि जर्मनीचे श्रोडर यांनी आपसात जमवून घेतलं आणि शेतीखर्चाला 2013 पर्यंत मर्यादा घातली. नव्या देशांतल्या शेतकऱ्यांना थेट अनुदान 2004 मध्ये जुन्या देशांतल्यांच्या 25 टक्के, पुढे 30, मग 35, असं चढत जाणार होतं. एकाच बाजारात एकाच गव्हाला दोन न्याय! पोलिश शेतकरी चिडले नसते तरच नवल.

खरा पेच मात्र यानंतर पडला. सरकारांनी ठरवलेले आकडे थेट प्रवेश-कराराच्या परिशिष्टात घातले गेले. युरोपीय संसदेचा पारा चढला. खर्चाची मर्यादा विस्तारासाठी बदलायची तर संसद आणि मंत्रिपरिषद (सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद) यांनी मिळून बदलायची, असं 1999 च्या आंतरसंस्थात्मक करारात, म्हणजे संघाच्या संस्थांनी आपसात केलेल्या करारात, ठरलं होतं. शिवाय शेती वगळता बहुतेक खर्चावर शेवटचा शब्द संसदेचा असे. आकडा एकदा प्रवेश-करारात गेला की तो संघाचा मूळ कायदाच बनतो, अंदाजपत्रकाच्याही वरचा. मग दरवर्षी अंदाजपत्रकावर चर्चा करून हाती काय उरणार? रकमेवर संसदेची फारशी तक्रार नव्हतीच. तिचा आक्षेप होता रक्कम लिहिणाऱ्या हाताला.

संसदेकडे हुकमाचं पान होतं. प्रत्येक नव्या देशाच्या प्रवेशाला तिची संमती लागते, आणि तीही एकूण सदस्यांच्या बहुमताने. मतदान 9 एप्रिल 2003 ला, अथेन्समध्ये सह्या 16 एप्रिलला. या टप्प्यावर दहा देशांचा प्रवेश अडवायची कोणाचीच छाती नव्हती, आणि हे मंत्रिपरिषदेलाही पक्कं ठाऊक होतं. तरी धमकीचा उपयोग झाला. ऐनवेळी तडजोड निघाली: संसदेचा अधिकार मान्य झाला, अंतर्गत धोरणांची मर्यादा 2004 ते 2006 साठी सुमारे 48 कोटी युरोंनी वाढली आणि दहाही ठराव मंजूर झाले. माझ्या मते यात संसदेची सरशी अर्धीमुर्धीच. परिशिष्ट होतं तिथेच राहिलं.

संघाचे मूळ नियम बदलणाऱ्या लिस्बन करारानंतर, म्हणजे डिसेंबर 2009 पासून, शेतीखर्चाचा वेगळा दर्जा गेला. आता अनेक वर्षांच्या खर्चमर्यादा ठरवणाऱ्या बहुवार्षिक आराखड्याला मंत्रिपरिषदेचं एकमत आणि संसदेची संमती, दोन्ही लागतात. जुलै 2025 मध्ये संघाची कार्यकारी संस्था असलेल्या युरोपीय आयोगाने 2028 ते 2034 साठी जवळपास 2 लाख कोटी युरोंचा प्रस्ताव मांडला. प्रवेशासाठी रांगेत युक्रेन आहे. त्याची शेतजमीन सुमारे 4 कोटी हेक्टर, आणि थेट अनुदान मोजतात हेक्टरवर. पोलंड या खेपेला आत बसलेल्यांपैकी आहे. 2024 च्या फेब्रुवारीत युक्रेनच्या धान्याविरोधात सीमेवर ट्रॅक्टर आडवे घालणारे शेतकरी पोलिशच होते.