बंद दारामागची चांद्रमाती: परग्रहाच्या भीतीची पार्श्वभूमी

मंगळावरच्या जेझेरो विवरात तिथल्या नमुन्यांच्या दहा नळ्या उघड्या जमिनीवर ठेवलेल्या आहेत. २०२२च्या डिसेंबरपासून पुढच्या महिन्याभरात नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने त्या एकेक करून खाली सोडल्या. बाकीच्या नळ्या रोव्हरच्या पोटातच आहेत. त्या पृथ्वीवर आणायच्या मोहिमेचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज २०२३ मध्ये आला आणि तिथून ती मोहीम रखडली. पण पैशांचा प्रश्न पुढे येण्याआधीच दुसरा वाद सुरू झाला होता. मोहिमेच्या पर्यावरणीय परिणामांबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेत नागरिकांच्या हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा एक मागणी पुन्हा पुन्हा आली: ही माती इथे आणू नका, आणायचीच असेल तर आधी पृथ्वीबाहेर कुठेतरी तपासा. जिची चिमूटही कोणी पाहिलेली नाही त्या मातीबद्दलची ही धास्ती आजची नाही. १९६९ मध्ये चंद्रावरून येणाऱ्या मातीच्या अशाच धास्तीपोटी ह्यूस्टनला एक अख्खी प्रयोगशाळा उभी होती.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला, मिलानच्या वेधशाळेतून त्याच्यावर रेघा दिसल्या आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत अमेरिकेतल्या एका धनाढ्य हौशी खगोलवेत्त्याने त्या रेघांवर आटत चाललेल्या ग्रहाची अख्खी पाटबंधारे व्यवस्था उभी केली. त्याचे मंगळवासी शहाणे आणि मेहनती होते. त्यांची कुणाला भीती वाटत नव्हती. भीती आली ती इंग्लंडमधून. १८९७ मध्ये लंडनच्या एका मासिकात मंगळावरून होणाऱ्या स्वारीची कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिच्या पहिल्याच प्रकरणात लेखक वाचकाला सुनावतो की मंगळवासीयांना बोल लावण्याआधी आपण टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचं काय केलं ते आठवा. आणि शेवटी या अजिंक्य आक्रमकांना मारतात ते पृथ्वीवरचे साधे जंतू. परक्याने घरात घुसणं आणि परक्यासोबत रोग येणं, ही दोन्ही भयं तिथे पहिल्यांदा एका गोष्टीत बांधली गेली.

आपल्याकडच्या वाचकाला त्या सालाचं आणखी एक आठवेल. लंडनमध्ये लोक काल्पनिक स्वारी वाचत होते, त्याच उन्हाळ्यात पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत, देवघरापर्यंत शिरत होते. जूनमध्ये गणेशखिंडीत काय घडलं ते सांगायला नको. साम्राज्याला जे स्वप्नात दिसत होतं ते सदाशिव पेठेत दिवसाढवळ्या चालू होतं.

१९३८च्या ३० ऑक्टोबरला त्याच गोष्टीचं नभोनाट्य अमेरिकेत लागलं. देशभर हाहाकार उडाल्याची जी कथा सांगितली जाते ती बरीचशी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी फुगवलेली आहे. रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता, तेव्हा रेडिओ बेजबाबदार ठरवण्याची संधी ते कशाला सोडतील? १९४९ मध्ये इक्वेडोरची राजधानी कीटो इथे मात्र खरोखर अनर्थ झाला. हे नाटक आहे असं कळल्यावर चिडलेल्या जमावाने रेडिओ केंद्राची इमारत पेटवली आणि माणसं मेली. मंगळवासीयांना घाबरून नव्हे, फसवलं गेल्याच्या रागाने. १९५०च्या दशकातले अमेरिकी सिनेमे तर शेजाऱ्याच्या रूपात वावरणाऱ्या परग्रहवासीयांचे. कम्युनिस्टांच्या धास्तीशी त्यांचा संबंध इतक्या वेळा सांगून झाला आहे की इथे थांबायचं कारण नाही.

थांबायचं ते १९५७च्या नोव्हेंबरमध्ये, कलकत्त्यात. स्पुटनिक उडून महिना झाला होता. भारतात नुकतेच स्थायिक झालेले एक ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्याकडे आलेला एक तरुण अमेरिकी अनुवंशशास्त्रज्ञ रात्री जेवायला बसले होते. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं आणि रशियन क्रांतीला चाळीस वर्षं पुरी होत होती. यजमानांनी, जे स्वतः डाव्या विचारांचे होते, अंदाज बोलून दाखवला: सोव्हिएत लोक क्रांतीच्या वाढदिवसाला चंद्रावर अणुस्फोट करून लाल तारा उमटवतील की काय? पाहुण्याला त्यातली राजकीय गंमत पोचली, पण तो हादरला वेगळ्याच कारणाने. शर्यतीच्या नादात माणूस चंद्र खराब करून टाकेल आणि तिथे काही शोधण्यासारखं असेल तर ते कायमचं हातचं जाईल, हे त्याच्या डोक्यात बसलं. परत गेल्यावर त्याने पत्रं धाडली, विज्ञानसंस्थांना जागं केलं. पुढच्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, त्यामुळे त्याचं ऐकून घेणंही भाग पडलं.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. सुरुवातीची काळजी आपण तिकडे घाण करू ही होती. १९६७च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमात तिला जोड मिळाली: परग्रहावरचे पदार्थ आणून पृथ्वीच्या पर्यावरणाला अपाय होऊ नये याचीही काळजी सदस्य देशांनी घ्यायची. करारात दोन्ही बाजू समान वजनाच्या आहेत. लोकांच्या मनात दुसरीच जड होती. १९६९च्या मे महिन्यात, चांद्रस्वारीच्या दोन महिने आधी, अवकाशातून उपग्रहासोबत आलेल्या प्राणघातक जंतूची एक कादंबरी अमेरिकेत बाहेर पडली आणि हातोहात खपली.

चंद्रावरून परतणाऱ्यांना विलगीकरणात ठेवायचं हे १९६७ पर्यंत नक्की झालं होतं. मुदत २१ दिवसांची, चंद्र सोडल्यापासून मोजायची. पृथ्वीवरच्या बहुतेक संसर्गांचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, तेवढ्यात बसतो म्हणून २१. ज्या रोगाचं अस्तित्वच माहीत नाही त्याचा अधिशयन काळ ओळखीच्या रोगांवरून ठरवला, ही त्यातली मेख. आरोग्य, शेती आणि वन्यजीव खात्यांचे लोक असलेली एक आंतरखाते समिती नेमली होती आणि कागदावर तिचा शब्द अखेरचा होता. १६ जुलै १९६९ला, उड्डाणाच्याच दिवशी, विलगीकरण मोडणाऱ्याला ५,००० डॉलर दंड किंवा वर्षभर कैद ठोठावता येईल असा नियमही लागू झाला.

इतकी तयारी झाली आणि सगळं अडलं एका दारावर.

कुपी पॅसिफिकमध्ये उतरणार. आत तीन माणसं, त्यांच्या कपड्यांवर, नखांत, फुप्फुसांत चंद्राची धूळ. शिस्तीत सांगायचं तर कुपीचं दार विमानवाहू जहाजावरच्या बंदिस्त कक्षाला जोडल्याशिवाय उघडायला नको होतं. म्हणजे यारीने कुपी माणसांसकट उचलायची आणि जहाजावर आणायची. अंतराळ संस्थेचं म्हणणं असं की खवळलेल्या समुद्रात यारीला लोंबकळणारी कुपी जहाजाच्या अंगावर आपटली तर रोगाआधी अपघातानेच माणसं जातील. शिवाय आत उकाडा, लाटांचे हेलकावे आणि आठ दिवस वजनरहित राहिलेली शरीरं. तेव्हा दार समुद्रातच उघडायचं, माणसांना तराफ्यावर घ्यायचं आणि हेलिकॉप्टरने उचलायचं. समितीतल्या आरोग्याच्या बाजूच्या लोकांना हे पटत नव्हतं. दार उघडलं की आतली हवा आणि धूळ बाहेर येणार, आणि ती पडणार जगातल्या सर्वांत मोठ्या महासागरात, जिथे जीवनाला लागेल ते सगळं आहे. त्यात आणखी एक गोम होती. हवाईछत्रीवर खाली येताना कुपीची झडप आपोआप उघडते आणि आतबाहेरची हवा एक होते. त्या झडपेला गाळणी बसवावी अशी सूचना होती. गाळणी बसली नाही.

समितीने अखेर मान तुकवली. तारीख जाहीर झालेली, राष्ट्राध्यक्ष जहाजावर येऊन थांबणार, दशक संपायच्या आत चंद्र गाठण्याचा शब्द दिलेला. अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कागदावर असून भागत नाही. माझ्या मते विलगीकरणाचा खरा निकाल त्या बैठकांतच लागला होता, नंतर झालं ते सोपस्कारापुरतं. दुसरी बाजूही मोठी आहे. चंद्रावर हवा नाही, पाणी नाही, अतिनील किरणांचा मारा आहे, तिथे जंतू असण्याची शक्यता जवळपास शून्य, तेव्हा जिवंत माणसांचा धोका मोठा धरणं योग्यच होतं, असं अनेक शास्त्रज्ञ तेव्हाही म्हणत होते. मग एवढी प्रयोगशाळा कशाला बांधली, याचं त्यांच्याकडे धड उत्तर नव्हतं.

२४ जुलैला घडलं ते असं. पाणबुड्याने दार किलकिलं करून तीन पोशाखांची पिशवी आत फेकली आणि दार लावून घेतलं. चांद्रवीर ते नखशिखांत पोशाख चढवून तराफ्यावर आले, अंगावर जंतुनाशक चोळून घेतलं, दाराच्या कडा आयोडीनच्या द्रावणाने पुसल्या गेल्या. पुसायची फडकी समुद्रातच गेली. जहाजावर एक बदल करून घेतलेली चाकांवरची खोली तयार होती, पर्यटकांच्या गाडीला जोडतात तसली. तिच्या काचेबाहेर उभं राहून राष्ट्राध्यक्षांनी अभिनंदन केलं. तो फोटो जगभर गेला आणि विलगीकरण म्हटलं की आजही तोच डोळ्यांपुढे येतो. उघडलेल्या दाराचं कौतुक किंवा चर्चा कुणी केली नाही. त्या तिघांपैकी एकाने पन्नास वर्षांनी एका मुलाखतीत सांगितलं की विलगीकरणाच्या जागेत जमिनीच्या फटीतून मुंग्यांची ये-जा चालू असलेली त्याने पाहिली होती.

हवाईला उतरल्यावर सीमाशुल्काचा अर्ज भरला गेला, तिघांच्या सह्यांचा. प्रवास कुठून: चंद्र. सोबतचा माल: चांद्रखडक आणि चांद्रधूळ. रोग पसरेल असं विमानात काही आहे का, या रकान्यात लिहिलं होतं: अजून ठरायचं आहे. गंमत म्हणून केलेला अर्ज, पण शासकीय भाषेत याहून प्रामाणिक उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल.

ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत २१ किलोंहून थोडी जास्त दगडमाती आली होती. तिची पूड जंतुरहित वाढवलेल्या उंदरांना टोचली, लावे, झुरळं, कोळंबी, कालवं आणि निरनिराळ्या रोपांवर आजमावली. कुणाला काही झालं नाही. हातमोजे फाटले, बंदिस्त पेट्या गळल्या आणि धुळीचा संपर्क झालेल्या कर्मचाऱ्यांनाही चांद्रवीरांसोबत आत डांबावं लागलं. १० ऑगस्टला सगळे बाहेर आले. नोव्हेंबरच्या पुढच्या मोहिमेत तो घामटं काढणारा पोशाख जाऊन साधे कपडे आणि तोंडावर मुखवटा आला. १९७१च्या सुरुवातीच्या मोहिमेनंतर विलगीकरणच बंद झालं. दंडाचा तो नियम मात्र कुणाच्या लक्षातही न राहता १९९१ पर्यंत नियमावलीत पडून होता.

नोव्हेंबरच्याच मोहिमेत चांद्रवीरांनी १९६७ पासून चंद्रावर उभ्या असलेल्या एका यानाचा कॅमेरा काढून आणला. त्यात माणसाच्या घशात राहणारा एक जीवाणू सापडला आणि अडीच वर्षं चंद्रावर तग धरून राहिलेला जंतू म्हणून त्याचा बराच बोलबाला झाला. नंतर जुनं चित्रण पुन्हा तपासलं तेव्हा कॅमेरा हाताळणाऱ्या तंत्रज्ञांच्या बाह्या आखूड दिसल्या. जंतू बहुधा प्रयोगशाळेतलाच. जपानने र्‍यूगू या लघुग्रहावरून आणलेल्या एका कणावर ब्रिटनमध्ये जीवाणू वाढताना दिसले, तेही इथलेच निघाले. ती बातमी २०२४ची. बाहेरचं म्हणून जे जे सापडलं ते अजून तरी आपलंच निघालं आहे.

भारताचा या विषयाशी थेट संबंध आहे आणि त्याचं सूत्र पुण्यातून हललं. हैदराबादहून २००१ आणि २००५ मध्ये सोडलेल्या मोठ्या फुग्यांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. २००५च्या नमुन्यांत जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. तीन जीवाणू नवे निघाले, त्यांतल्या एकाला आर्यभटाचं आणि एकाला इस्रोचं नाव मिळालं. तिसऱ्याला नाव मिळालं ते जीवन आणि रोगराई दोन्ही धूमकेतूंसोबत येतात असं मांडणाऱ्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाचं. प्रयोगामागचे पुण्याचे ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ त्याचेच शिष्य, आणि मराठी वाचकाला त्यांची ओळख करून द्यायला नको. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना हे जंतू पृथ्वीबाहेरचे आहेत हे सिद्ध होत नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं. बातम्यांच्या मथळ्यांत ते वाक्य पोचलं नाही. तरी एक फरक दिसतो. त्या बातम्यांनी आपल्याकडे कुणी घाबरलं नाही. वरून काही येतं म्हटल्यावर इथे कुतूहल आणि थोडा अभिमानच जागा झाला. मराठी विज्ञानकथेतला परग्रहवासीही बहुधा बोलायला येतो, लढायला नाही, असं माझं वाचन सांगतं.

मंगळाच्या मातीसाठी आता जी प्रयोगशाळा लागेल ती घातक विषाणूंसाठी वापरतात त्या सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची. शिवाय हवा आतून बाहेर जाऊ नये आणि बाहेरची घाण आत येऊन नमुना बिघडू नये, या दोन्ही गोष्टी तिने एकाच वेळी साधायला हव्यात. दाब आत कमी ठेवला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, जास्त ठेवला तर आतली बाहेर. १९६९ला हे गणित नीट सुटलं नव्हतं. चीन आपली मोहीम २०२८च्या सुमारास सोडणार आहे आणि किमान ५०० ग्रॅम माती आणायचा त्याचा बेत आहे. कराराचं नववं कलम काळजी घ्या म्हणतं. दार कुणी, कधी आणि कुणाच्या परवानगीने उघडायचं याबद्दल त्यात एक अक्षर नाही, तो निर्णय ज्याच्या त्याच्या देशावर सोडला आहे.