इन्व्हर्टर एसी आणि फाइव्ह स्टार एसी एकच नव्हेत

एप्रिल उजाडला की नौपाड्यापासून नेरुळपर्यंत एसीच्या दुकानांत एकच संवाद चालतो. "दादा, फाइव्ह स्टार दाखवा." "ताई, हा इन्व्हर्टर आहे, बिल कमीच येणार." आणि थ्री स्टार घरी येतो.

दुकानदार खोटं बोललेला नसतो, अर्धंच बोललेला असतो. इन्व्हर्टर हे कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबून फिरवणारा पंप, चालवायचं तंत्र. स्टार म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पद्धतीने काढलेला वीजखपतीचा निकाल.

साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने पळतो. खोली गार झाली की खट्कन बंद, तापली की पुन्हा पूर्ण जोरात सुरू. इन्व्हर्टरवाला बंद न पडता वेग उतरवतो. फायदा इथेच आहे: वेग कमी झाला तरी आतल्या-बाहेरच्या कॉइल तेवढ्याच मोठ्या राहतात, त्यामुळे कमी उष्णता सहज बाहेर टाकली जाते आणि तेवढ्याच गारव्याला वीज कमी लागते. पण वेग उतरायला संधी तर मिळायला हवी! वाशीतल्या एखाद्या गाळ्यात दार दिवसभर उघडं असेल, तर इन्व्हर्टरसुद्धा सतत पूर्ण वेगातच राबतो.

२०१८ पासून दोन्ही प्रकारांना स्टार एकाच मोजपट्टीने मिळतात. तिचं नाव आयएसईईआर. बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाला १,६०० तास वापर धरून, दिलेला गारवा भागिले खाल्लेली वीज असा हा आकडा निघतो. या पट्टीवर साध्या एसीला पाच स्टार गाठणं आज जवळपास अशक्य आहे. म्हणून फाइव्ह स्टार घेतला तर इन्व्हर्टर त्यात आलाच. इन्व्हर्टर घेतला तर फाइव्ह स्टार आलाच असं मात्र नाही.

तेव्हा लेबलवर तारे मोजून थांबू नका. वार्षिक युनिटांचा आकडा वाचा. २०२२ च्या निकषांच्या लेबलांवर दीड टनाच्या फाइव्ह स्टारला तो साधारण ७५० च्या आसपास असायचा, थ्री स्टारला ९५० ते १,०००. लेबल कोणत्या काळासाठी आहे तेही पाहा, कारण निकष अधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले आणि आदल्या दिवशीचे कित्येक फाइव्ह स्टार एका रात्रीत फोर स्टार झाले. सेलमधल्या जुन्या मालाबाबत हे विशेष लक्षात ठेवा.

१,६०० तास म्हणजे रोज ८ तास धरले तर २०० दिवस. आपल्याकडच्या दमट हवेत बेडरूमचा एसी एवढा सहज चालतो. शिवाय महावितरणचे दर १००, ३००, ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात आणि एसीची युनिटं वरच्या, महाग टप्प्यातच पडतात. रात्रभराच्या बेडरूमला फाइव्ह स्टार घ्यावा, या मताचा मी आहे. हॉलमध्ये पाहुणे आले की तासभर लावायचा असेल तर थ्री स्टार पुरे. वरचे पैसे वसूल व्हायला वर्षं जातील.

एका गोष्टीचा मात्र दोन्ही लेबलांना पत्ता नसतो. घोडबंदर रोडच्या कित्येक टॉवरांत बाहेरचं युनिट चिंचोळ्या डक्टमध्ये, जाळीआड कोंबलेलं असतं. तिथे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं आणि इन्व्हर्टर असो वा फाइव्ह स्टार, वीज जास्तच खातं. एसी निवडण्याआधी ती जागा टेप घेऊन मोजा आणि युनिटसमोर किती मोकळी जागा हवी ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.