सहावा आठवडा आणि तारकर्लीचं बुकिंग

मणक्याची फ्यूजन शस्त्रक्रिया, म्हणजे दोन मणके एकमेकांना जोडण्याची, झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतो तो सहावा आठवडा. टाके कधीच निघालेले असतात, पायात उतरणारी कळ थांबलेली असते, रात्रीची झोप लागायला लागते, सोसायटीच्या आवारात सकाळ-संध्याकाळ फेऱ्या सुरू असतात. भेटायला येणारे म्हणतात, "आता एकदम बरे दिसताय हं." नेमकी तेव्हाच मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी तोंडावर येते आणि ओपीडीत प्रश्न विचारला जातो, "डॉक्टर, तारकर्लीचं बुकिंग करून टाकू का?"

उत्तर बरेचदा 'हो, पण' असं येतं. त्या 'पण'च्या मागे काय आहे, हे समजावून सांगायला गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो. पेशंटला वाटतं डॉक्टर उगाच घाबरवताहेत. खरी गोष्ट अशी, की दुखणं आणि हाड वेगवेगळ्या वेगाने बरी होतात. नसेवरचा दाब निघाला की पायातली कळ काही वेळा शुद्धीवर येतानाच गेलेली असते. कापलेले स्नायू काही आठवड्यांत सावरतात. पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते दोन मणक्यांमधलं हाड सहाव्या आठवड्यात जेमतेम आकाराला येत असतं. ते पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना त्याहूनही जास्त.

कमरेचे चौथा आणि पाचवा मणका जोडायचे असतील तर सर्जन मधली झिजलेली गादी काढतो, तिच्या जागी छोटा पिंजरा बसवतो, त्यात आणि आजूबाजूला हाडाचे कण भरतो आणि मागून स्क्रू आणि सळ्या लावून सगळं घट्ट करतो. एक्स-रेमध्ये ते स्क्रू इतके भारदस्त दिसतात, की मणके त्यांनीच जोडले असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात ते स्लॅबखालचं सेंटरिंग असतं. स्लॅब म्हणजे हाड, आणि ते शरीराने स्वतःच ओतायचं असतं. फरक एवढाच की इथलं सेंटरिंग सहसा काढत नाहीत आणि स्लॅब धरलाच नाही तर त्याला अनंतकाळ भार पेलता येत नाही. दर पावलागणिक, दर वाकण्यागणिक भार येत-जात राहिला की धातू थकतो. महिन्यांनी किंवा वर्षांनी स्क्रू सैल होतो, कधी सळी मोडते.

१९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी या दोघांनी स्वतंत्रपणे मणके जोडण्याच्या पद्धती मांडल्या, तेव्हा स्क्रू वगैरे काही नव्हतं. मणक्याचा क्षयरोग झालेल्या रुग्णांवर त्या शस्त्रक्रिया होत. हाड जुळेपर्यंत कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राहणं हाच उपाय होता. आज दुसऱ्याच दिवशी पेशंटला उभं करतात, ही धातूची कृपा. सहाव्या आठवड्यात सहलीचा विचार तरी मनात येतो, हीसुद्धा.

हाड जुळण्याची सुरुवात गोठलेल्या रक्तातून होते. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग तंतूंची जाळी, कुठे कूर्चा, मग कॅल्शियम. यातल्या प्रत्येक टप्प्यावरचा ऊती किती ताण सहन करतो याचा अभ्यास स्वित्झर्लंडच्या स्टीफन पेरेन यांनी केला. सुरुवातीचा मऊ ऊती दुप्पट ताणला तरी टिकतो, पण पक्क्या हाडाला त्याच्या लांबीच्या सुमारे २ टक्के एवढाच ताण चालतो. म्हणजे जोडाच्या फटीत सतत हालचाल होत राहिली तर तिथे हाडाऐवजी तंतूंचाच ढीग राहतो. दुसरीकडे, १८९२ साली युलियस वोल्फ यांनी सांगितलेला नियम आहे, की जिथे भार येतो तिथेच हाड भरतं. नुसतं पडून राहणंही म्हणून उपयोगाचं नाही. सरळ ताठ चालताना मणक्यांवर वरून खाली दाब येतो, तो हवाच आहे. वाकणं, वजन उचलणं आणि कमरेतून पिळणं मात्र नको. डॉक्टरांच्या कागदावरच्या तीन 'नाही'चा उगम इथे आहे.

या हिशोबाने पाहिलं तर सहलीतला धोका समुद्रापेक्षा गाडीच्या डिकीत जास्त असतो. डिकीतून बॅग काढताना माणूस पुढे वाकतो, हात लांब करतो, वजन उचलतो आणि बाजूला ठेवण्यासाठी वळतो. नको असलेल्या तिन्ही गोष्टी दोन सेकंदांत. जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून मोजमापं घेतली आणि १९९९ साली प्रसिद्ध केली. पाठीवर पडून असताना ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, आणि पाठ गोल करून २० किलो उचलताना २.३. म्हणजे उभं राहण्याच्या साडेचार पट. माणूस एकच, तोही ऑपरेशन न झालेला, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण प्रमाण कळायला पुरेसे आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलू नका असं बहुतेक सर्जन सांगतात. भरलेली कॅबिन बॅगसुद्धा सात किलोंची असते. तेव्हा "एवढीशीच तर आहे" हे वाक्य सहलीपुरतं घरी ठेवावं आणि बॅग मुलाला, ड्रायव्हरला किंवा हमालाला उचलू द्यावी. आपल्याकडे पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांना याची लाज वाटते, हा वैद्यकशास्त्राबाहेरचा पण अगदी खरा अडथळा आहे.

मग रस्ता. बसलेल्या माणसाचं धड वर-खाली हादऱ्यांना एका विशिष्ट गतीला सर्वात जास्त दाद देतं : सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. त्या गतीचे हादरे सीटमधून आले की सीट जेवढी हलते त्यापेक्षा धड जास्त हलतं, आणि खराब रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत नेमके या पट्ट्यातले हादरे भरपूर असतात. एसटीच्या शेवटच्या बाकावर का उडायला होतं, हे कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ती जागा मागच्या चाकांच्याही मागे असते. दोन्ही चाकांच्या मधली सीट त्यातल्या त्यात शांत. कारने जायचं तर पुढची सीट थोडी मागे रेलवून, कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवून बसावं, आणि स्पीडब्रेकर दिसला की ओरडावं, ड्रायव्हर जावई असला तरी. घाटातल्या वळणांवर धड डावी-उजवीकडे झुकतं, ते सावरताना पाठीचे स्नायू दमतात. म्हणून फोंडा किंवा करूळ घाट उतरल्यावर थांबून पाच-दहा मिनिटं चालावं.

बसणं हे उभं राहण्यापेक्षा वाईट, असं १९६०च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांच्या मोजमापांवरून सर्वमान्य झालं होतं. विल्केंच्या मोजमापात मात्र दोन्ही जवळपास सारखीच निघाली. त्यामुळे बसण्याला घाबरायचं कारण नाही. एकाच स्थितीत अडकून पडणं वाईट. दर पाऊण-एक तासाने उठता आलं पाहिजे, आणि म्हणून मुंबईकरांनी तारकर्लीला जाताना गोवा महामार्गापेक्षा कोकण रेल्वे पकडून कुडाळला उतरावं असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीच्या डब्यात चालता येतं, आडवं होता येतं. बर्थ मात्र खालचाच हवा. त्यावरून उठताना आधी संपूर्ण अंग एकदम कुशीवर, मग पाय खाली आणि हाताने रेटा देत बसतं व्हायचं, हॉस्पिटलात फिजिओने शिकवलं तसंच.

विमानाबद्दल भीती वेगळीच असते : वर गेल्यावर स्क्रू फुगतील का, दुखतील का. तसं काही होत नाही. केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो, म्हणजे महाबळेश्वरच्या वर. धातूला त्याचा पत्ताही लागत नाही. अपवाद एक. शस्त्रक्रियेत मज्जारज्जूभोवतीचं आवरण फाटलं असेल आणि पाणी गळलं असेल, तर आत हवा अडकलेली असू शकते आणि उंचीवर ती प्रसरण पावते. डिस्चार्ज कार्डावर तसा उल्लेख असला तर सर्जनला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. सुरक्षा तपासणीत टायटॅनियमचे स्क्रू कधी वाजतात, कधी नाही, कारण या धातूची विद्युतवाहकता कमी असते. इम्प्लांटचं कार्ड जवळ ठेवावं. त्याने तपासणी टळत नाही, पण सीआयएसएफच्या जवानाला पाठीवर यंत्र का वाजलं हे समजावणं सोपं जातं. कमरेचा पट्टा काढायला सांगतील, तो उभ्यानेच काढावा-घालावा.

लांबचा विमानप्रवास हा स्वतंत्र विषय, आणि आपल्याकडे त्याचं एक ठरलेलं निमित्त असतं : मुलीचं बाळंतपण, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया. पंधरा-सोळा तास बसून पोटरीतल्या शिरांमधलं रक्त संथ होतं आणि गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून जास्त प्रवासात हा धोका दुपटीच्या आसपास जातो. निरोगी माणसात तो तरीही ६,००० मध्ये एक एवढाच. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस या 'निरोगी' गटात बसत नाही. पाणी पिणं, पाऊल वर-खाली करत पोटऱ्या हलवणं, जागेवरून उठणं, डॉक्टरांनी सांगितले तर घट्ट मोजे. रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने घेऊ नये, कारण ताज्या जखमेत मणक्याजवळ रक्त साचलं तर ते नसांवर दाब आणतं. आणि तिथे पोहोचल्यावरचं अवघड काम म्हणजे नातवंड. दहा महिन्यांचं बाळ आठ-नऊ किलोंचं असतं, तेही वळवळणारं. आजीने सोफ्यावर बसावं आणि बाळ कुणीतरी मांडीवर आणून द्यावं. जमिनीवरून किंवा पाळण्यातून वाकून उचलणं बंद. लोणची, भाजणी भरलेल्या २३ किलोंच्या बॅगांना तर सरकत्या पट्ट्यावर हातही लावू नये.

आता समुद्र. जखम पूर्ण भरून सर्जनने परवानगी दिल्याशिवाय पाण्यात बुडणं नाही, ना समुद्रात ना रिसॉर्टच्या तलावात. एकदा परवानगी मिळाली की पाणी हा मित्र आहे. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं तर पायांवर जवळपास निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत गेलं तर साधारण एक तृतीयांश. पण हा हिशोब तलावातल्या शांत पाण्याचा. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोंहून जड असतं आणि फुटणारी लाट ते कुठल्या बाजूने अंगावर टाकेल याचा नेम नाही; तोल सावरताना शरीर आपोआप पिळतं. म्हणून लाटांत घोट्यापर्यंतच. चालायला ओहोटीची ओली, घट्ट वाळू उत्तम. कोरड्या, मऊ वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, असं बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं आहे. पाय रुततो तिथे पाठ वाकडी होते.

मालवणच्या किनाऱ्यावर पॅरासेलिंग, जेट-स्की, बनाना राइड यांच्या हाका येतात. पहिलं वर्ष तरी ऐकून घ्यायच्या आणि पुढे जायचं. बनाना राइडचा तर शेवटच मुळी उलटून पाण्यात पडण्यात असतो. साध्या बोटीने सिंधुदुर्ग किल्ल्यात जाता येईल, पण समुद्र शांत असेल तेव्हा, आणि मागच्या बाजूला बसून. लाटेवर चढलेली बोट खाली आपटते तेव्हा सगळ्यात मोठा दणका पुढच्या टोकाला बसतो. वेगवान बोटींच्या पुढच्या भागात बसलेल्या धडधाकट पर्यटकांचे मणके मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चढता-उतरताना दोघांचा हात धरावा.

मुक्कामाच्या ठिकाणी कमोड आहे का, पलंग फार बुटका नाही ना, हे फोनवर आधीच विचारावं. जेवायला पंगतीत खाली बसू नये, सोलकढी खुर्चीवरही तशीच लागते. देवळात दंडवताऐवजी उभ्याने हात जोडावेत. वेदनाशामक गोळ्यांतल्या काहींनी गुंगी येते, काहींनी बद्धकोष्ठ होतो; त्यांच्यासोबत बिअर नको, आणि गोळी चालू असताना स्टिअरिंगही नको. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांच्याबाबत सुट्टीतली सूट अजिबात नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हाड बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, आणि तंबाखू ओढणाऱ्यांत हाड न जुळण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळतं. मिश्री लावणाऱ्या बायकांना "तुम्ही सिगारेट ओढता का?" असं विचारलं तर त्या अर्थातच नाही म्हणतात, आणि निकोटिनचा विषय तिथेच राहून जातो.

काही लक्षणांना सहल संपेपर्यंत थांबवून ठेवायचं नसतं. जखमेतून पाणी येणं किंवा ताप. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. अचानक धाप लागणं. पाऊल लुळं पडणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, यांत तर तासांचा प्रश्न असतो. परत पुण्या-मुंबईला जाऊन आपल्याच डॉक्टरांना दाखवू म्हणत रात्र काढू नये. जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावं आणि वाटेत आपल्या सर्जनला फोन करावा. स्क्रू आहेत म्हणून एमआरआय होणार नाही, हा गैरसमज आहे. टायटॅनियम असेल तर तो सहसा करता येतो.

हाड एकदा पक्कं जुळलं की मात्र चित्र बदलतं. टायगर वूड्सने एप्रिल २०१७ मध्ये कमरेचा शेवटचा मणका त्याच्या खालच्या त्रिकास्थीला (माकडहाडाच्या वरच्या हाडाला) जोडून घेतला आणि एप्रिल २०१९ मध्ये मास्टर्स स्पर्धा जिंकली. गोल्फसारखा पिळवटून टाकणारा खेळ त्याला जमला, कारण कमरेचा एकेक सांधा मुळात दोन-तीन अंशच वळतो. खरं वळण खुब्यातून आणि छातीमागच्या मणक्यांतून येतं. त्याच्यामागे प्रशिक्षकांचा ताफा होता हेही लक्षात ठेवावं. जोडलेल्या मणक्याचं काम वरच्या-खालच्या शेजाऱ्यांवर पडतं आणि काही रुग्णांत पुढच्या वर्षांत तेच झिजतात, म्हणून खुब्यांचा लवचिकपणा आणि पोट-पाठीच्या स्नायूंची ताकद यांवर फिजिओ एवढा भर देतात. वर्षानंतरच्या एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये हाड दिसलं आणि सर्जनने मान हलवली, तर रायगड चढायलाही हरकत नाही. उतरताना प्रत्येक पायरीवर पाय आदळतो आणि तो दणका पाठीपर्यंत पोहोचतो, तेव्हा परतीला रोपवेचं तिकीट काढलेलं बरं.